बदलीची माणसं

मोटणवाडीचा फाटा मागे पडतो तशी टेम्पोतली गाणी बंद होतात. पुढे वळणं आहेत, समोरून एसटी आली तर तिचा हॉर्न ऐकू यायला हवा. हौद्यात आम्ही दाटीवाटीनं बसलोय. पायाशी कोयते, पहारी, घमेली आणि भाताचं भलं मोठं पातेलं, ते कुणीतरी दोन्ही पायांत घट्ट धरलंय. रस्त्याच्या कडेला काजूची झाडं, मधूनमधून कापणी झालेली भाताची खाचरं. चंदगडपासून तीसेक किलोमीटर, आणि डिसेंबरातली थंडी ताडपत्रीच्या भोकातून नेमकी माझ्या कानाशी येतेय.

माझ्या शेजारी काजूच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मावशी आहेत. समोर सुट्टीवरचे एसटी ड्रायव्हर, एक अंगणवाडी सेविका, कॉलेजची चार-पाच पोरं, एक टेलर. आणि कोपऱ्यात, मांडीवर पहार घेऊन अवघडून बसलेला माझा नवरा. बँकेत याच्या टेबलापुढे लोक उभे असतात. इथं पोरं एकमेकांना ओळख करून देतात, “हे अक्कांचे मिस्टर.” मला हे फार आवडतं, खोटं कशाला बोला.

सोलापूरहून त्याच्या बदलीबरोबर आले तेव्हा चंदगड तालुक्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ‘स्वामी’ लिहिणाऱ्या रणजित देसाईंचं कोवाड इथलं. पाऊस केवढा असतो ते कुणी सांगितलं नव्हतं. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, आणि नवरा संध्याकाळी घरी येतो तो दिवसभर बोलून बोलून दमलेला. बदलीची ऑर्डर त्याच्या नावाची, खुर्ची त्याच्यासाठी रिकामी केलेली. बायकोसाठी नव्या गावात कुणी काही रिकामं करून ठेवत नाही. दिवाळीनंतर याच मावशींनी दारात उभं राहून विचारलं होतं, रविवारी गडावर झाडी तोडायला येणार का. बाकी काही विचारलं नाही, सोलापूरचं आडनावसुद्धा नाही.

टेम्पो पारगडाच्या पायथ्याशी थांबतो. पायऱ्या वर चढत जातात, आणि पावसाळ्यात माजलेलं रान दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर झुकलेलं असतं. घाणेरी, रानमोडी, वेली. पोरं वरच्या टोकाला तोफांच्या बाजूला जातात, आमच्या वाट्याला मधला टप्पा येतो.

मावशी माझ्या हातातला कोयता काढून घेतात, मूठ फिरवून परत देतात. त्यांची बोटं काजूबिया फोडून काळी पडलीत. बीच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, कितीही राख चोळली तरी डाग जात नाही. “वरनं खाली घाव घालायचा नाही, पायावर येतो. आडवा, जमिनीलगत.” मी आडवा घाव घालते. घाणेरीचा उग्र वास नाकात बसतो, काटे बाहीत अडकतात. जरा वेळानं हात लयीत येतो आणि डोक्यातलं सगळं थांबतं.

दगडांच्या सांध्यातून एक उंबर निघालाय, करंगळीएवढा. मी तो ओढायला जाते तोच टेलरकाका ओरडतात, “थांबा, थांबा!” ते गुडघ्यावर बसून दाखवतात: मूळ आत दोन दगडांच्या मध्ये पसरलंय. ओढलं की मुळाबरोबर दगडही बाहेर येणार. मग चिंचोळ्या पात्याच्या कोयतीनं उंबर दगडाला लागून कापायचा आणि पुढच्या वर्षी परत यायचं, कारण तो पुन्हा फुटणारच. निसटलेला दगड दिसला तरी आपल्या मनानं रचायचा नाही, सिमेंट तर हातातच घ्यायचं नाही. ते काम पुरातत्त्वाच्या जाणकारांचं. तोडलेलं रान तटाला टेकवून पेटवायचंही नाही, दगड तडकतो. उत्साही मंडळींनी महाराष्ट्रातल्या गडांचं नुकसान आळशी मंडळींपेक्षा कमी केलेलं नाही, हे माझं मत. टेलरकाकांचंही तेच आहे.

दुपारी भवानीच्या देवळापाशी पंगत. भात, आमटी, नाचणीची भाकरी, वर कुणाच्या तरी घरचं कैरीचं लोणचं. हा गड ओसाड नाही, इथं वस्ती आहे. काही घरांना कुलपं दिसतात, माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला, गोव्याला. गडावरचे एक आजोबा आमच्यात येऊन बसतात. मी कुठली, ते विचारतात. मी सोलापूर सांगते, बदलीवर आलोय म्हणते.

“आम्हीबी बदलीवरच आलोय की,” आजोबा भाकरी मोडत म्हणतात. “साडेतीनशे वर्सं होत आली. परतीची ऑर्डर काय अजून आली नाही.”

सगळे हसतात, पण आजोबा थट्टा करत नाहीयेत. 1670 साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा मुलगा रायबा पुढे या गडाचा किल्लेदार झाला, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मालुसऱ्यांचं उमरठे कुठं, तिकडे पोलादपूरजवळ. आणि पारगड कुठं, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला घाटमाथ्याच्या टोकावर बसलेला. चंद्र-सूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, असं शिवाजी महाराजांनी सांगितल्याची आठवण गडकरी जपतात. मालुसऱ्यांचे वंशज आजही इथं राहतात. मला राहून राहून त्या पहिल्या खेपेच्या बायकांचं कुतूहल वाटतं. नवऱ्याच्या नेमणुकीबरोबर त्या या धुक्यात आल्या, तेव्हा शेजारी कोण होतं? पहिल्या पावसात कपडे कुठं वाळवले? बखरींत ते मिळायचं नाही.

“उठा अक्का, ऊन उतरायच्या आत खालचा टप्पा संपवू,” मावशी पदर खोचत म्हणतात. नवरा घमेलं उचलतो. त्याच्या तळहातावर फोड आलाय, तो मला दाखवायला येतो. मी त्याला टेलरकाकांकडे पाठवते, त्यांच्याकडे चिकटपट्टी असते.

खाली पोचेपर्यंत पायऱ्यांचा मधला टप्पा मोकळा झालाय, तळचा निम्मा राहिलाय. तो पुढच्या रविवारी.

तुम्हीही कुणाच्या बदलीबरोबर या बाजूला आला असाल तर या. चंदगडहून पारगडाला एसटी आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट आणि प्यायचं पाणी आपलं आपण आणा; कोयता इथं मिळेल. आणि जोडीनं येणार असाल तर बायकोला पंगतीच्या कामाला जुंपू नका, वाढायला पोरं आहेत.