टोमॅटो पिकतो, जनुके तीच राहतात

टोमॅटोच्या जनुक अभिव्यक्तीचा (जनुकातील सूचना पेशीत प्रत्यक्ष वापरली जाण्याचा) अभ्यास म्हणजे त्याची जनुके बदलणे, असा समज बराच पसरलेला आहे. नावातल्या 'जनुक' शब्दामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही दोन कामे वेगळी आहेत.

टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३५ हजार जनुके आहेत. मूळ, पान, हिरवे फळ आणि लाल फळ यांच्या पेशींत हा संच एकच असतो. हार्मोनियमच्या पट्ट्या त्याच राहतात. कोणत्या, केव्हा आणि किती वेळ दाबल्या यावर सूर ठरतात, तसेच हे आहे. फळ पिकू लागले की लायकोपिन (लाल रंगद्रव्य) तयार करण्यास लागणारी काही जनुके अधिक सक्रिय होतात.

अभ्यासक फळातून आरएनए (जनुकातील सूचनेची कामचलाऊ प्रत) वेगळा काढून त्याचे प्रमाण मोजतात. हे फक्त निरीक्षण आहे. त्याने वाणात काहीही बदल होत नाही. उष्णता किंवा रोग सहन करणाऱ्या रोपात कोणती जनुके सक्रिय असतात हे त्यातून कळते. ही माहिती पारंपरिक संकरासाठी योग्य वाण निवडतानाही उपयोगी पडते.