सड्यावरची पायवाट

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा भूभाग आज यंत्रांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना स्थापन झाला. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि जुन्या शेतांच्या व माळरानांच्या जागी एकामागून एक कारखाने उभे राहिले. येथील जीवन घड्याळाच्या काट्यावर चालते. पाळी संपते, दुसरी सुरू होते. यंत्रांची घरघर मात्र थांबत नाही. अशा जीवनक्रमात पायांना वाटेचा आणि डोळ्यांना क्षितिजाचा विसर पडू लागतो. म्हणूनच या भागातील कित्येक स्त्री-पुरुष पदभ्रमण-मंडळांत सामील होतात आणि सुटीचे चार दिवस सह्याद्रीत किंवा कोकणात पायी हिंडून घालवितात.

कारखान्यातील माणसाने मोकळ्या रानाची ओढ धरावी, यात नवल नाही. इंग्लंडमध्येही पदभ्रमणाची आवड गिरणीकामगारांत वाढली. तेथील उंचवट्यावरची ओसाड माळराने पुष्कळ ठिकाणी जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेविली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर व शेफील्ड येथील शेकडो तरुण बंदी मोडून किंडर स्काउट या डोंगरमाळावर चढले. त्यांपैकी पाच जणांना कारावास भोगावा लागला. परंतु लोकमत जागे झाले आणि १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा व रानवाटांचा कायदा संमत झाला.

महाराष्ट्रात माळरान आणि सागर ही दोन्ही एकत्र पाहावयाची असतील, तर रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जावे. पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकावरून रात्रीच्या एस.टी.ने निघालेली मंडळी सकाळी कोकणात उतरतात. शास्त्री नदीच्या मुखाशी असलेला जयगड किल्ला, कवी केशवसुत यांचे जन्मगाव मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे येथील वाळूचे किनारे व शेवटी रत्नागिरी असा पायी प्रवास सावकाश तीन-चार दिवसांत होतो. या मार्गावर समुद्र बहुधा डाव्या-उजव्या वळणांनी दिसत राहतो आणि डोंगरमाथ्यावर लागतो तो सडा.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. लक्षावधी वर्षांच्या मुसळधार पावसाने मूळ खडकातील सिलिका व इतर विद्राव्य द्रव्ये वाहून गेली. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यामुळे हा दगड तांबडा व सच्छिद्र असतो. खाणीतून ताजा काढला असता तो सहज कापता येतो. पुढे वारा लागला म्हणजे कठीण होतो. कोकणातील घरांच्या भिंती याच चिऱ्यांनी बांधलेल्या दिसतात. पावसाचे पाणी सड्याच्या पोटात झिरपते व पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. म्हणून वाड्या-वस्त्या उतारावर वसलेल्या असतात, आणि माथा मात्र उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. तेथे सावली नाही, पाणी नाही, आणि दिशा दाखविणारे उंच झाडही क्वचितच आढळते.

अशा ठिकाणी एकट्याने जाणे धोक्याचे. समूहाने जाणेच श्रेयस्कर. परंतु समूह म्हणजे केवळ गर्दी नव्हे. त्याला शिस्त हवी. अनुभवी मंडळांत एक वाटाड्या पुढे व एक जाणता मनुष्य सर्वांत मागे चालतो. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला वाटाड्याच्या लगत ठेवितात. याचे कारण सोपे आहे. तो मागे राहिला, तर पुढचे लोक विसावा घेत त्याची वाट पाहतात आणि तो येऊन पोहोचताच उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ती मिळत नाही! तो पुढे असला, म्हणजे सर्वांचा वेग त्याच्या वेगाशी जुळतो आणि कोणीही मागे पडत नाही.

किनाऱ्यावरून चालताना समुद्राचे वेळापत्रक पाळावे लागते. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत दर्यावर्दी लोकांत रूढ आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी, सकाळी नऊला. त्या दिवशी वाळूवरचा प्रवास सकाळीच उरकावा, हे उघड आहे. तरीही स्थानिक कोळ्यांना विचारल्यावाचून पाण्यालगत जाऊ नये.

भाद्रपदात या रुक्ष सड्याचे रूप पालटते. कातळावरील वीतभर मातीत सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशी इवलीशी फुले व रोपे डोलू लागतात. या मातीत नत्राचा अंश अत्यल्प असतो. म्हणून सीतेची आसवे व दवबिंदू या वनस्पती सूक्ष्म जीव किंवा कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. हा मातीचा थर पावलांखाली तुडविला गेला, तर पावसात वाहून जातो. यास्तव शहाणे प्रवासी रुळलेली पायवाट सोडीत नाहीत.

याच कातळावर प्राचीन मानवाने हत्ती, मासे, हरिणे व मानवाकृती कोरून ठेविल्या आहेत. रत्नागिरीजवळील उक्षी येथील हत्तीचे चित्र आणि राजापूर तालुक्यातील कशेळी येथील प्रचंड हत्ती प्रसिद्ध आहेत. कोकणातील निवडक कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत झाला. तथापि सारा सडा संरक्षित नाही. ज्या जमिनीची नोंद ‘पड’ अशी होते, तीवर चिऱ्यांची खाण किंवा नवा रस्ता येण्यास वेळ लागत नाही. चिरा हे पुष्कळांच्या उपजीविकेचे साधन आहे, हे खरे. पण एकदा कापला गेलेला कातळ आणि त्यावरील चित्र पुन्हा घडविता येत नाही. म्हणून कोठे खोदावे व कोठे खोदू नये, याचा विचार आधी व्हावयास हवा. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावातील शिल्पाच्या रक्षणात भाग घेतला, ही म्हणूनच मोलाची गोष्ट होय.

चाकण-पिंपरीच्या माणसाला ही गोष्ट अधिक चांगली कळू शकते. त्याच्या पायांखालची माळराने त्याच्या वडिलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. त्यांतून हजारो कुटुंबांना अन्न मिळाले. पण त्या माळावर काय काय होते, याची नोंद फारशी कोणी ठेविली नाही. जो सडा पायी हिंडून पाहतो, त्याला तो ‘पड’ वाटत नाही. भूमीची किंमत कळण्यासाठी आधी तिची ओळख व्हावी लागते, आणि ती ओळख पावलापावलानेच होते.