झुलत्या आसाची दुरुस्ती आणि तिची परिभाषा

मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी नेणाऱ्या टेम्पोंचे पाटे बदलून देणाऱ्या एका कारागिराकडून काही शब्द टिपून घेण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला. त्याच्या आवारात त्या वेळी एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड मोटार मागील बाजूने जॅकवर उचलून ठेवलेली होती. तिची मागील दोन्ही चाके खालच्या अंगाला एकमेकांकडे वळली होती, जणू कोणी उकिडवे बसता बसता पाय आत ओढून घ्यावेत. कारागीर म्हणाला, “ही गाडी चाक पोटात घेते.” इंग्रजीतील रूढ संज्ञेचे शब्दशः भाषांतर करावयाचे झाल्यास ‘झुलता आस’ असे म्हणावे लागेल. या दोन शब्दयोजनांपैकी शास्त्रीय दृष्ट्या अधिक नेमकी कोणती, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. कारण यंत्रातील दोष कोठे आहे याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

प्रथम ‘आस’ या शब्दाविषयी थोडेसे. संस्कृतातील ‘क्ष’ मराठीत पुष्कळदा ‘श’ वा ‘स’ होऊन येतो: इक्षु–ऊस, कुक्षि–कूस, मक्षिका–माशी, क्षेत्र–शेत. हिंदीत हेच शब्द ईख, कोख, मक्खी, खेत असे ‘ख’कारयुक्त आढळतात. ‘अक्ष’पासून झालेला बैलगाडीचा ‘आस’ याच मालिकेतला होय. इंग्रजी ‘एक्सल’ व लॅटिन ‘अ‍ॅक्सिस’ हे शब्दही त्याच मूळ इंडो-युरोपीय घराण्यातले. तेव्हा कारखान्यात ‘एक्सल’ म्हणणारा आणि शेतावर ‘आस’ म्हणणारा हे दोघे नकळत एकाच शब्दाच्या दोन शाखा वापरीत असतात. परंतु अर्थाच्या बाबतीत एक अडचण आहे. बैलगाडीचा आस हा दोन चाकांना जोडणारा एक अखंड दांडा असतो. हेरल्डमध्ये असा अखंड आस नाहीच.

हेरल्ड ही गाडी इंग्लंडातील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली बाजारात आणली. तिचे बाह्यरूप इटालियन रेखाकार मिकेलोत्ती यांचे. मद्रास येथे तिची निर्मिती १९६१ पासून होऊ लागली. तिचीच चौकट आखूड करून १९६२ साली त्या कंपनीने स्पिटफायर ही दोन आसनी क्रीडामोटार काढली व ती १९८० पर्यंत चालू राहिली. दोहोंची मागील रचना एकच होती. डिफरन्शियलची पेटी चौकटीला पक्की बांधलेली. तिच्या दोन्ही बाजूंस एकेक अर्धा आस, व त्याला पेटीजवळ एकच सांधा. चाक या अर्ध्या आसाशी काटकोनात जखडलेले. पेटीच्या माथ्यावर पाट्यांची एक आडवी स्प्रिंग असून तिची टोके उभ्या दुव्यांमार्फत चाकांकडे पोहोचतात. पुढून येणारी एक दांडी, जिला रेडियस आर्म म्हणतात, चाकाला पुढेमागे सरकू देत नाही. आडव्या दिशेने चाकाला आवरणारे मात्र दुसरे काहीच नाही. ते काम अर्धा आस स्वतःच करतो. अर्थात येथे आस हा केवळ फिरविणारा दांडा नसून जोडणीतील एक दुवाही आहे, आणि सर्व घोटाळ्याचे मूळ हे आहे.

चाक वर-खाली होताना आतल्या सांध्याभोवती वर्तुळाच्या कंसात फिरते आणि फिरताना कलते. समजुतीसाठी सांध्यापासून चाकापर्यंतचे अंतर ५० सेंटिमीटर व चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरू. आडव्या असलेल्या अर्ध्या आसाचे बाहेरचे टोक ५ सेंटिमीटर खाली गेले, तर चाक सुमारे ५.७ अंशांनी कलेल आणि त्याचा जमिनीला टेकणारा भाग सुमारे ३ सेंटिमीटर आत सरकेल. आता आंबा घाटातील एखादे वळण डोळ्यांपुढे आणावे. वळणावर बाहेरच्या चाकाच्या तळाशी रस्ता आतल्या दिशेने जोर लावतो. हा जोर सांध्याच्या पातळीच्या बराच खाली लागत असल्यामुळे तो चाकाला गाडीच्या पोटाखाली ढकलू पाहतो व त्यायोगे गाडीचा मागील भाग वर उचलू पाहतो. मागील भाग जितका उचलला जाईल तितके चाक अधिक कलते, कललेल्या चाकाची पकड घटते, आणि मागील बाजू एकाएकी बाहेर फेकली जाते. चालकाने भिऊन प्रवेगक सोडला वा ब्रेक दाबला, की भार पुढे जाऊन मागील भाग आपोआपच उंचावतो. म्हणजे जी क्रिया सावधपणाची म्हणून स्वाभाविक वाटते तीच घातक ठरते. ‘झुलता’ हे विशेषण यातील निरुपद्रवी हालचालच तेवढी सांगते. ‘पोटात घेणे’ हा प्रयोग दोषाचे वर्णन करतो.

ही रचना हेरल्डपुरती नव्हती. एडमंड रुम्प्लर याने तिचे पेटंट १९०३ साली घेतले होते. फोक्सवागेनच्या ‘बीटल’मध्येही ती होती. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीवरून तर मोठा वाद माजला. राल्फ नेडर यांच्या १९६५ सालच्या पुस्तकातील पहिलेच प्रकरण त्या गाडीसंबंधी आहे. कंपनीने १९६४ च्या नमुन्यात एक आडवा पाटा बसवून दोष कमी केला व १९६५ मध्ये संपूर्ण जोडणीच बदलली. पुस्तक मात्र त्यानंतर निघाले.

स्पिटफायरसंबंधी दुरुस्तीचे जे मार्ग निघाले त्यांत सर्वांत स्वस्त मार्ग असा, की पेटी आणि स्प्रिंग यांच्यामध्ये लोखंडाचा एक ठोकळा घालावा. त्यामुळे स्प्रिंगची टोके चौकटीच्या मानाने वर जातात, गाडी मागे खाली बसते, आणि चाके आरंभीच माथ्याकडे आत कललेली राहतात. वळणावर ती उलट कलण्यापूर्वी तेवढी सूट मिळते. पण धक्का सोसण्यासाठी चाकाला वर जावयास जागा कमी उरते. कोकणातील रस्त्यांचा विचार करता हे मोल हलके नव्हे.

दुसरा मार्ग कंपनीने १९७० च्या अखेरीस निघालेल्या चौथ्या मालिकेत योजला, आणि प्रस्तुत लेखकास तो सर्वांत बुद्धिमान वाटतो. स्प्रिंगमधील एकच पाटा पेटीशी पक्का ठेवून बाकीचे पाटे मधल्या खिळीवर तराजूच्या दांडीप्रमाणे डोलतील असे मोकळे केले. दोन्ही चाके एकदम वर आली की सर्व पाटे वाकतात. एक वर व दुसरे खाली गेले की मोकळे पाटे नुसते डोलतात. परिणामी मागच्या अंगाचा एका बाजूस कलण्यास होणारा विरोध घटतो आणि बाहेरच्या चाकावर येणारा जादा भार कमी होतो. आतले चाकही आपला वाटा उचलते. त्यावरील जोर गाडीला खाली खेचणारा असल्याने उचल रोखली जाते. कमी झालेला विरोध पुढच्या आडव्या पीळदांडीस जाड करून भरून काढला. एकही नवा दुवा न वाढविता केलेला हा बदल आहे.

तिसरा मार्ग दुव्याचाच. १९६८ च्या जीटी-सिक्स गाडीच्या दुसऱ्या मालिकेत चाकाखाली एक वेगळा दुवा देऊन आडव्या स्प्रिंगला वरच्या दुव्याचे काम दिले, व अर्ध्या आसात रबरी जोड घातला. तेथे आस पुन्हा केवळ आस झाला. मद्रासच्या कारखान्याने याच्या अगदी उलट दिशा धरली: १९७२ च्या ‘गॅझेल’मध्ये स्वतंत्र जोडणी टाकून देऊन अखंड आस आणला. कारागिरांना जुनी रचना नकोशी झाली होती, असे याचे कारण सांगतात. बैलगाडीच्या अर्थाचा ‘आस’ अशा रीतीने परत आला!

मिरकरवाड्यातील गाडीत मालकाच्या इच्छेनुसार ठोकळा घालावयाचा होता. कारागिराने तो पातळ निवडला, आणि बसविल्यानंतर दोन्ही बाजूंच्या रेडियस आर्मच्या बुडाशी पत्र्याच्या चकत्या घालून-काढून मागील चाके सुतात आणली. माप त्याने पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ताणलेल्या दोरीने घेतले. ती दोरी होती जाळ्याची.