धर्माध्ययनातील ऑनर्स प्रबंध
धर्माध्ययन विषयाच्या पदवी अभ्यासक्रमात निवडक विद्यार्थी अखेरच्या वर्षी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली जो स्वतंत्र संशोधनपर प्रबंध लिहितात, त्यास ऑनर्स प्रबंध म्हणतात. ही पद्धत विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. तेथील स्वॉर्थमोर महाविद्यालयात फ्रँक एडलॉट यांनी १९२२ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्स शिक्षणक्रम सुरू केला. त्यात बाहेरचे परीक्षक नेमले जात.

धर्माध्ययनाच्या दृष्टीने १९६३ मधील ॲबिंग्टन विरुद्ध शेंप हा खटला महत्त्वाचा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने शासकीय शाळांतील उपासनास्वरूप बायबल-पठन घटनाबाह्य ठरविले. मात्र धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास घटनेशी विसंगत नाही, असेही नमूद केले. पुढे अनेक शासकीय विद्यापीठांत या विषयाचे विभाग वाढले.

प्रबंधाचा विषय एखादा ग्रंथ, विधी वा समाज यांपुरता मर्यादित ठेवतात. मूळ साधनांचे परिशीलन, पूर्वसंशोधनाचा परामर्श आणि बहुधा मौखिक परीक्षा हे त्याचे टप्पे होत. विद्यार्थी श्रद्धावान असो वा नसो, त्याला इतरांना पडताळता येईल असा पुरावा द्यावा लागतो. उपासना व अभ्यास यांतील भेद स्वतःच्या लेखनात पाळण्याची ही पहिली कसोटी होय.