निवडुंग म्हटला की सगळाच निवडुंग नव्हे
— ऊस विकास अधिकारी



उसाच्या अंकात काटेरी झाडांचं काय काम, असं आपण म्हणाल. पण देवणी भागात आम्ही लावणीच्या नोंदीसाठी फिरतो तेव्हा ओसरीवर, गच्चीवर, तेलाच्या डब्यांत आणि फुटक्या माठांत जाड पानांची, जाड खोडांची रोपं दिसू लागली आहेत. कुणी पाहुण्यांकडून फांदी आणलेली, कुणी बाजारातून कुंडी. नाव विचारलं की उत्तर ठरलेलं : "निवडुंगच की हो, कसला तरी!" या 'कसला तरी'वरच चार शब्द लिहितो आहोत. कारण त्यात डोळ्यांची आणि जनावरांची जोखीम आहे.

बेणं घेताना आपण नुसत्या नावावर जात नाही. कांडं बघतो, डोळा बघतो, पानावरची कूस बघतो. एका खुणेवर जात ठरत नाही. तीच नजर इथं लावायची.

पहिली खूण काट्याच्या बुडाची. फड्या निवडुंगाचा काटा जिथून निघतो तिथं लहानशी केसाळ गादी असते. काटे, कुसळं, फूल, नवा फडा सगळं तिथूनच फुटतं. अशी गादी असेल तर तो खरा निवडुंग. त्याचं मूळ घर अमेरिका खंड. बांधावरच्या त्रिधारी निवडुंगाला ही गादी नसते. त्याचे काटे धारेवर जोडीजोडीनं येतात. नावात निवडुंग असला तरी तो एरंडाच्या कुळातला. शेरही त्याच कुळातला, आणि त्याला तर काटेच नाहीत.

दुसरी खूण चिकाची. त्रिधारी आणि शेर यांना जखम झाली की दुधासारखा पांढरा चीक येतो. फड्याला तसा येत नाही. मात्र काही लहान गोल निवडुंगांनाही पांढरा चीक असतो, म्हणून गादी आणि चीक दोन्ही बघावं. टोचायचं तर लांब काडीनं, पोराबाळांना दूर ठेवून. शेराचं कुंपण छाटताना चीक डोळ्यांत उडाला तर बुबुळाला इजा होते. डोळा चोळू नये. लगेच स्वच्छ पाण्यानं १५-२० मिनिटं धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा.

तिसरी खूण पानाची. कोरफड आणि घायपात लहानपणी सारखीच दिसतात. पान मोडून बघा. कोरफडीत गर असतो आणि पान सहज तुटतं. घायपातीत चिवट वाख असतो आणि बहुधा टोकाला कडक काटा. तिच्या रसानं अंगाला खाज सुटते. कोरफड समजून ती तोंडाला लावायची नाही. कोरफडीला पुन्हापुन्हा फुलं येतात. घायपात बरीच वर्षं थांबून एकदाच फुलते आणि ते झाड मरतं.

ओळख चुकली की काय होतं, ते इतिहासात आहे. १७९५ साली किरमिजी रंग काढण्यासाठी ब्राझीलहून एक किडा कलकत्त्याला आणला. रंग हलका निघाला, कारण किडा भलत्याच जातीचा होता. पण त्यानं एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. दुसऱ्या जातीला मात्र त्यानं तोंड लावलं नाही. तिच्यासाठी १९२६ साली तेव्हाच्या सिलोनमधून वेगळा किडा आणावा लागला, तेव्हा दक्षिणेतली रानंच्या रानं मोकळी झाली. आपण ट्रायकोकार्ड लावतो त्यातलं तत्त्व हेच : कीड कोणती ते आधी ठरवा, मग तिचा शत्रू सोडा.

जनावरांचं म्हणाल तर पानफुटी आणि तिच्या जातीची शोभेची रोपं लक्षात ठेवा. पानाच्या कडेला रोपं फुटतात, म्हणून पोरांना मौज वाटते. पण हृदयावर परिणाम करणारं विष त्यांत असतं, फुलांत जास्त. ऑस्ट्रेलियात या जातींनी गुरं मेली आहेत. छाटलेला पाला वैरणीत जाऊ देऊ नका. देवणी वळूची किंमत आपल्याला माहीत आहे.

मोबाइल फोटोवरून नाव सांगतो, पण ते पाहुण्यानं सुचवलेल्या स्थळासारखं समजावं. चौकशी आपणच करायची. त्याला गादी, काटा, चीक, फूल असे वेगवेगळे फोटो द्या. आणि दोन ऋतू थांबा. शिवनेरीच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी पावसाळ्यात पानांनी भरते आणि उन्हाळ्यात नुसत्या जाड काड्या उरतात. दोन वेळा पाहणाऱ्याला ती दोन झाडं वाटतील. अशी दुर्मिळ झाडं रानातून उपटून आणू नयेत. पाहावीत, फोटो घ्यावा, जागेवर ठेवावीत.

प्रत्येक कुंडीत एक पट्टी खोचा : कुठून आणलं, कोणत्या महिन्यात, फूल कधी आलं. नाव कळेपर्यंत पट्टीवर 'अनोळखी' लिहायला हरकत नाही. आणि अनोळखी झाड गोठ्यापासून आणि पाळण्यापासून लांब ठेवावं, एवढी विनंती.