भातसावरून रिकाम्या हाती!

मैत्रिणींनो, मासे यायच्या आधीच वाटण करून ठेवण्याचा शहाणपणा तुम्ही कधी केलाय? मी केला! सातवी पास झाल्याबद्दल आमच्या चिरंजीवांना नवा गळ मिळाला, आणि गावच्या तळ्याशिवाय पाणी न पाहिलेले बापलेक रीतसर परवानगी काढून भातसा धरणावर निघाले. डोंबिवलीहून कसारा लोकल, आसनगावहून रिक्षा. पोचायलाच दहा वाजले. कणकेच्या गोळ्या लावून चारपर्यंत बसले, पण गळ हलेल तर शपथ!

शेवटी काठावरच्या एका बाई म्हणाल्या, "एवढ्या उन्हात मासा वर कशाला येईल, भाऊ?"

खरंच की! धरण सुमारे 88 मीटर उंच, पाणी खोल. ऊन तापलं की मासे खाली जातात, पहाटे-संध्याकाळी उथळ कडेला चरतात. त्यातून कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळ्यातला अंदाज इथे काय कामाचा?

येताना कल्याणच्या बाजारातून रोहू आला. (गोड्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येतो. हळद, मीठ, लिंबू चोळून पंधरा मिनिटांनी धुवा.) कालवण छान झालं, चिरंजीवांनी मात्र ताट सरकवलं. "हा आपला नाही."

आता येत्या रविवारी पहिली गाडी. वाटण मी मासा पाहूनच करणार आहे!