नवऱ्याशी बोलायचं कधी? (लेखांक पाचवा)

आणीबाणीतल्या १९७६-७७ या एका वर्षात देशात झालेल्या सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रियांपैकी ६२ लाख पुरुषांच्या होत्या, हे मागच्या लेखांकात आलंच आहे. आता २०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा: स्त्री नसबंदीवर विसंबणारी जोडपी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदीवर ०.३ टक्के. पुरुष तेव्हा जो बिचकला तो बिचकलाच, असं याचं कारण सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण आजचा पंचविशीतला नवरा आणीबाणीनंतर वीसेक वर्षांनी जन्मला आहे. त्याच्या अनास्थेचं खापर किती काळ संजय गांधींवर फोडणार? माझ्या मते दोष प्रचाराच्या वेळेत आहे.

पुरुषांसाठीचा ठळक प्रचार होतो तो नोव्हेंबरातल्या नसबंदी पंधरवड्यात. बिनटाक्याची शस्त्रक्रिया, काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी, पुरुषत्व जात नाही. सगळं खरं. पण तोवर दोन मुलं झालेली असतात आणि ‘ऑपरेशन बाईचंच’ हे घरात ठरूनही गेलेलं असतं. शिवाय फलकावर जे ठसठशीत हवं तेच बारीक अक्षरात जातं: शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणी झाल्यावरच निर्धास्त व्हायचं. हे न कळल्यामुळे दिवस राहिले, तर संशय बायकोवर जातो. आणि मग त्या गावात पुढची कितीतरी वर्षं नसबंदीला कोण तयार होईल?

उलट, नवऱ्याला आधीच गाठलं तर? ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २०१२ ते २०१४ या काळात हजारावर तरुण जोडप्यांबरोबर असा अभ्यास झाला. स्थानिक आरोग्यसेवकांनी नवऱ्यांशी दोनदा स्वतंत्रपणे आणि एकदा जोडप्याशी एकत्र बोलायचं, अशी आखणी होती. विषय केवळ साधनांचा नव्हता. मुलगाच हवा हा हट्ट आणि बायकोवरची जबरदस्ती यांवरही बोलणं होई. ज्या गावांत हे झालं तिथे दीड वर्षानंतर आधुनिक साधनांचा वापर इतर गावांपेक्षा जास्त आढळला आणि बायकांनी सांगितलेली लैंगिक हिंसा कमी.

पुरुषांना यात ओढणं म्हणजे बाईच्या शरीराची किल्ली पुन्हा त्यांच्याच हाती देणं, हा स्त्रीवादी आक्षेप मला गंभीर वाटतो. ‘घरचे कर्ते तुम्ही, निर्णय तुम्ही घ्या’ अशा थाटाचा प्रचार नेमकं तेच करतो. ठाण्यातल्या बोलण्यात मात्र तिच्या होकाराला जागा होती, आणि हिंसेचे आकडे त्याला धरूनच आहेत. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: एवढी माणसं आणायची कुठून? आशाताईंनी परक्या पुरुषाशी निरोधबद्दल बोलायचं ही अपेक्षा अन्यायाचीच. पण उपकेंद्राचा पुरुष आरोग्यसेवक हिवतापाचे रक्तनमुने घ्यायला घरोघर फिरतोच. गावात नवं लग्न कुठल्या घरी झालं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या कामाच्या यादीत हे बोलणं धरा, त्याला शिकवा, आणि त्याचं काम शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टावर मोजू नका.